आयरिश आडनावाचं मूळ कसं शोधावं: मर्फी आडनावाच्या आधारे

मराठी माणसाने आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न गावाचा असतो. वराडकर म्हटलं की मालवण तालुक्यातलं वराड. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं आडनाव तिथलंच. आयरिश आडनावं मात्र या रीतीने उलगडायला गेलं की पहिल्याच पावलाला वाट चुकते. जुनी आयरिश आडनावं गावावरून पडलेली नाहीत, पूर्वजाच्या नावावरून पडलेली आहेत. उलट तिथे गावांनाच माणसांची नावं मिळाली. कार्लो काउंटीतलं (काउंटी म्हणजे जिल्हा) बॅलीमर्फी म्हणजे मर्फींची वस्ती. त्यामुळे नुसत्या 'मर्फी' या शब्दावरून कोणाचं घराणं कुठलं हे कळत नाही. आधी जागा शोधायची, मग त्या जागेवरून आडनावाची शाखा ठरवायची, हाच क्रम टिकतो.

इथे मर्फी हे आडनाव मुद्दाम घेतलं आहे, कारण संख्येने ते आयर्लंडमधलं सर्वांत मोठं. रॉबर्ट मॅथेसन यांनी 1890 सालच्या जन्मनोंदींवरून केलेल्या अंदाजात मर्फी 62,600 होते. त्यांच्याखालोखाल केली 55,900, सलिव्हन 43,600 आणि वॉल्श 41,700. एवढ्या गर्दीतून माणूस वेगळा काढायची पद्धत जमली की दुर्मिळ आडनाव फारच सोपं जातं.

आधी आडनाव फोडा

मर्फी हे इंग्रजी कारकुनाच्या कानाने टिपलेलं रूप आहे. मूळ आयरिश उच्चार साधारण 'ओ मुरखू', त्यातला ख घशातून येणारा. जुन्या लिखाणात 'ओ'च्या पुढची अक्षरं एम-यू-आर-सी-एच-ए-डी-एच-ए अशी दिसतील. आजच्या आयरिश शुद्धलेखनात शेवट आखडून एम-यू-आर-सी-एच-यू झाला आहे आणि शेवटच्या यूवर तिरकी रेघ असते. दोन्ही रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे दोन्ही लागतात.

'ओ' म्हणजे नातू, आणि त्यावरून वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. मुरखू हे माणसाचं नाव, समुद्र आणि लढाई या अर्थांच्या दोन शब्दांचं मिळून झालेलं: समुद्रावर लढणारा. बाईचं आडनाव मात्र वेगळं दिसतं. मुलगी 'नी वुरखू', लग्न होऊन घरात आलेली 'बॅन ई वुरखू'. मॅकवाल्या घरातल्या मुलीला 'निक' लागतं. आयरिश भाषेतल्या नोंदीत भावाला 'ओ' आणि बहिणीला 'नी' दिसलं म्हणून ती दोन घराणी समजू नयेत.

ही आडनावं स्थिर झाली ती 10व्या आणि 11व्या शतकात. त्याआधी वडिलांचं नाव दर पिढीला बदलत जायचं, आपल्याकडे मधलं नाव बदलतं तसंच. मग कुणा एका पूर्वजापाशी ते थांबलं आणि आडनाव झालं. सर्वांत जुन्या दाखल्यांपैकी एक 916 सालचा आहे: गॉलवेकडच्या आयने प्रदेशाचा सरदार टियरनाख ओ क्लेरी याच्या मृत्यूची नोंद. 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू, त्याचे वंशज ओब्रायन झाले.

आता मर्फींची खरी अडचण. मुरखू हे नाव त्या काळी चांगलंच प्रचलित होतं. एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या अनेक मुरखूंच्या वंशजांनी ठिकठिकाणी तेच आडनाव लावलं. आयरिश इतिहासात अशा गटाला 'सेप्ट' म्हणतात, आणि त्याला आपला नेमका शब्द आहे, भावकी. मर्फी ही एक भावकी नाही. वेक्सफर्ड काउंटीत बॅलाकीन बॅरनीमध्ये (बॅरनी म्हणजे काउंटीचा जुना पोटविभाग) त्यांचा मोठा मुलूख होता. त्या भागाला एके काळी 'द मरोज' असंच म्हणत, आणि किनाऱ्यावरचं मॉरिसकॅसल म्हणजे मुळात ओ मुरखूंचा किल्ला. कॉर्कमध्ये मस्केरी भागात मर्फींची दुसरी दाट वस्ती. अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात टिरोनचे मर्फी आहेत, पण ते मुळात 'मॅक मुरखू'. पुढे दक्षिण आर्माकडे सरकलेले मर्फी याच वळणाचे. म्हणून आर्माच्या मर्फीला आपल्या मनाने 'ओ' जोडणं चूक आहे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताचं राजघराणं. तेही मॅक मुरखू, इंग्रजीत मॅकमरो. 1169 मध्ये समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मन सरदारांना मदतीला बोलावणारा डर्मट मॅकमरो याच घराण्यातला. त्याच्या वंशाची आजची आडनावं कॅव्हनॉ आणि किन्सेला अशी आहेत. वेक्सफर्डचा प्रत्येक मर्फी राजघराण्यातला, असं लिहिलेलं अनेक वंशावळींत सापडेल. शब्द एक असला तरी वंश एक असतो असं नाही.

इंग्रजी अंमल पक्का होत गेला तसे 17व्या शतकापासून 'ओ' आणि 'मॅक' मोठ्या प्रमाणावर गळून पडले. 19व्या शतकाच्या अखेरीस, 1893 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या, म्हणजे गेलिक (आयरिश) भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीच्या संस्थेच्या काळात, ते अनेकांनी परत लावले. सलिव्हनचे ओसलिव्हन झाले, कॉनरचे ओकॉनर. त्यामुळे जन्मनोंद सलिव्हन आणि मृत्यूची नोंद ओसलिव्हन, हा एकच माणूस असू शकतो. शोध नेहमी दोन्ही रूपांनी करा. मर्फींनी 'ओ' क्वचितच परत लावला. वेक्सफर्डमधल्या आउलार्टलीच्या घराण्याने मात्र मर्फी टाकून 'ओमॉरको' हे जुनं रूप पुन्हा घेतलं.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. 'मॅक' आयरिश नाही आणि आखूड 'एमसी' आयरिश, किंवा याच्या उलट, असं काही नसतं. दोन्ही एकाच शब्दाची लेखनं आहेत आणि एकाच कुटुंबाच्या एकाच वर्षाच्या नोंदींत दोन्ही दिसतात. 'ओ'च्या पुढचा वरचा स्वल्पविरामही मुळातला नाही. आयरिश लेखनात 'ओ'वर दीर्घत्वाची तिरकी रेघ असते, ती इंग्रजी लेखनात सरकून तसा झाला.

मर्फी, ओब्रायन अशी आडनावं निदान ओळखू तरी येतात. भाषांतर झालेलं आडनाव मात्र डोळ्यांसमोर असून दिसत नाही. 1465 मध्ये डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या इंग्रजी अंमलाखालच्या पट्ट्यातल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत असा कायदा झाला: गावाचं नाव, रंग, धंदा किंवा हुद्दा. कायद्याचा परिणाम मर्यादित राहिला, पण भाषांतराची सवय पुढची तीनशे वर्षं चालू राहिली. कॅव्हनमधला स्मिथ बहुधा मॅक अन गाउन असतो, म्हणजे लोहाराचा मुलगा. तेच आडनाव उच्चाराने लिहिलं की मॅकगॉवन. वर आलेले ओ क्लेरी पुष्कळ ठिकाणी क्लार्क झाले, कारण दोन्हींचा अर्थ लेखनिक. गॉलवेतला किंग हा मॅक कॉनरी असू शकतो आणि थॉर्नटन हा काटेरी झुडपाच्या नावावरून आलेला ओ ड्रायनान. अशा वेळी आडनावावर वेळ घालवू नका, त्या परिसरात कोणतं आयरिश आडनाव दाट होतं ते पाहा.

नॉर्मन आडनावांची चाल वेगळी. 'फिट्झ' म्हणजे फ्रेंचमधला मुलगा, तर बर्क आणि पॉवर यांच्यामागे 'द' असतो. वॉल्श म्हणजे 'वेल्समधून आलेला', आयरिशमध्ये ब्रानख. हे मुळातच वर्णन असल्यामुळे वॉल्श म्हणवणारे एका पूर्वजाचे नाहीत. फिट्झपॅट्रिक तेवढा अपवाद. तो फिट्झ लावतो, पण मूळ गेलिक आडनाव मॅक गिला फाद्रिग.

टाउनलँड मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका

टाउनलँड म्हणजे स्वतःचं नाव असलेला आयर्लंडमधला सर्वांत लहान जमिनीचा तुकडा. आपल्या शिवाराच्या किंवा वाडीच्या जवळ जाणारा, बाजारपेठेच्या गावाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. देशभर अशी 60,000 हून अधिक टाउनलँड आहेत. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश (मुलकी विभाग), त्यावर बॅरनी, त्यावर 32 काउंटी. गोंधळ होतो तो दोन कारणांनी. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या विभागाच्या, सीमा सिव्हिल पॅरिशशी जुळत नाहीत आणि नावंही अनेकदा वेगळी असतात. शिवाय जन्म-मृत्यूच्या नोंदी पुअर लॉ युनियन नावाच्या तिसऱ्याच विभागणीवर चालतात, आणि युनियन काउंटीची हद्द ओलांडतं. वेक्सफर्डचा माणूस शेजारच्या काउंटीतल्या कार्यालयाच्या नावाखाली सापडला तर दचकू नका.

टाउनलँडचं नाव आयर्लंडमध्ये शोधण्याआधी माणूस जिथे गेला त्या देशात शोधा. हा क्रम उलटा केल्यामुळेच बहुतेकांचा शोध फसतो. थडग्याचा दगड, मृत्युलेख, चर्चमधली लग्नाची नोंद, सैन्याचे कागद, 1906 नंतरचा अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, ऑस्ट्रेलियातला मृत्यूचा दाखला ही चांगली ठिकाणं. बॉस्टनच्या 'पायलट' वृत्तपत्रात 1831 पासून 1921 पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती येत, त्यांत गाव आणि पॅरिशसुद्धा असायचं. नाव कानावरून लिहिलेलं असणार हे गृहीत धरा. एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आयई या सरकारी स्थळावर टाउनलँडांची इंग्रजी आणि आयरिश नावं, पॅरिश आणि बॅरनीसह मोफत मिळतात. तिथे शब्दाचा सुरुवातीचा भाग टाकून काउंटी निवडा. एकाच काउंटीत एका नावाची तीन-चार टाउनलँड निघाली तर चारही नोंदवा. त्यातलं एक 'बरं वाटतं' म्हणून निवडू नका.

जनगणना: काय उरलं, काय जळलं

30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या संकुलातलं सार्वजनिक दफ्तर यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात जळलं. 1821, 1831, 1841 आणि 1851 च्या जनगणना तिथे गेल्या, थोडे तुकडे उरले. 1861 आणि 1871 च्या त्याआधीच सरकारी आदेशाने नष्ट केल्या होत्या, 1881 आणि 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करण्यासाठी गेल्या. म्हणून सबंध देशाच्या जुन्या जनगणना दोनच: 31 मार्च 1901 आणि 2 एप्रिल 1911. दोन्ही आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या स्थळावर मोफत आहेत. 1926 ची जनगणना 26 काउंटींपुरती, म्हणजे उत्तर आयर्लंड वगळून, आणि तिच्यावरची शंभर वर्षांची बंदी एप्रिल 2026 पर्यंतची.

1911 पासून सुरुवात करा. त्या अर्जात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि किती हयात आहेत हे तीन आकडे आहेत. त्यावरून लग्नाचं साल ठरतं आणि किती जन्मनोंदी शोधायच्या ते कळतं. कुटुंबाचा 'ए' अर्ज पाहून थांबू नका. त्याच टाउनलँडचा 'बी-1' अर्ज उघडा, त्यात शेजारची सगळी घरं, खिडक्यांची संख्या, छपराचा प्रकार आणि जमीन कोणाकडून घेतली ते असतं. 'बी-2'मध्ये गोठा, तबेला, डुकरांचं खुराडं वगैरे. शेजारी जपून ठेवा, पुढे लग्नाचे साक्षीदार आणि मुलांचे धर्मपिता बहुधा त्यांतूनच निघतात.

वयावर विश्वास ठेवू नका. 1901 मध्ये 55 वर्षांचा माणूस 1911 मध्ये 70 चा दिसतो, आणि त्याला कारण आहे. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्या गरिबांना पेन्शन सुरू झालं. जुन्या माणसांकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून अधिकारी 1841 आणि 1851 च्या जनगणनेत नाव शोधून वय ठरवत. त्या शोधाचे अर्ज नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये उरले आहेत. जळालेल्या जनगणनेतलं एखादं कुटुंब, आईबापांच्या नावांसह, तेवढ्या एका अर्जावर शिल्लक असू शकतं. फार थोडे लोक तिथे पाहतात, तुम्ही जरूर पाहा.

जन्म, लग्न, मृत्यू

सर्वांसाठी सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1864 पासून. कॅथलिक नसलेल्यांच्या लग्नांची 1 एप्रिल 1845 पासून. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या स्थळावर 100 वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीची लग्नं आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या चित्रासह मोफत पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टच्या निबंधक कार्यालयाचं स्थळ पाहावं, तिथे पान उघडायला थोडे पैसे पडतात.

वेक्सफर्डमधल्या एखाद्या पॅट्रिक मर्फीसाठी नुसतं नाव टाकलंत तर निकालांचा ढीग येईल. उपाय एकच आहे, जोडी शोधा. जन्मनोंदीत आणि कॅथलिक बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. 'मर्फी आणि डेव्हरो', 'मर्फी आणि रोश' अशी जोडी धरली की ढीग एकदम आटतो. जोडीची सर्व मुलं काढा, फक्त आपल्या पणजोबाची नोंद काढून थांबू नका. सहा-सात भावंडांच्या नोंदींत टाउनलँड बदलत गेलेलं दिसतं, आणि त्यातली एखादीच नीट वाचता येते.

लग्नाच्या सरकारी नोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांची नावं, धंदा आणि राहण्याची जागा असते. वयाच्या रकान्यात 'फुल एज' लिहिलं असेल तर अर्थ 21 किंवा त्याहून अधिक, नेमकं वय नाही. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये झालेलं असतं, म्हणून वराच्या पॅरिशमध्ये सापडलं नाही की वधूच्या पॅरिशकडे वळा. पहिलं मूलही पुष्कळदा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतं.

बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची निघाली तर ती चूक समजून माणूस गाळू नका. उशिरा नोंद केली तर दंड होता, म्हणून आईबाप कार्यालयात जन्म पुढच्या तारखेचा सांगत. अशा वेळी चर्चची तारीख खरी मानायची. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ जन्म नोंदलेच गेले नाहीत, तेव्हा सरकारी नोंद नसणं म्हणजे माणूस नव्हता असं नाही.

कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची चित्रं, साधारण 1880 पर्यंतची, नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये मोफत खुली केली. ती 1,000 हून अधिक पॅरिशांची आहेत. त्या स्थळावर नावाने शोध होत नाही, पॅरिश आणि महिना निवडून पान उलटावं लागतं. नावांची सूची हवी असेल तर रूट्सआयर्लंड, फाइंडमायपास्ट किंवा अॅन्सेस्ट्री ही सशुल्क स्थळं. सूचीत सापडलं तरी मूळ पान स्वतः वाचा, सूचीकाराने मर्फीचं मर्टा किंवा मर्टाचं मर्फी केलेलं आढळतं. वह्या अनेकदा लॅटिनमध्ये आहेत: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, योआनेस म्हणजे जॉन. आयरिश नाव आणखी एक वळण घेतं. टाइग लॅटिनमध्ये थॅडियस होतो आणि इंग्रजीत टिमथी, डिअरमिड इंग्रजीत जेरेमाया किंवा डार्बी. तिन्ही रूपांत एकच माणूस शोधायचा. दफनाच्या कॅथलिक वह्या फार थोड्या, त्यामुळे 1864 च्या आधीचा मृत्यू मिळेलच असं धरून चालू नका. प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक वह्या 1922 च्या आगीत गेल्या. उरलेल्यांसाठी डब्लिनमधली चर्चचीच आरसीबी लायब्ररी, आणि उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन वह्यांसाठी बेलफास्टचं सरकारी दफ्तर.

नावांचा एक प्रघात इथे कामी येतो. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला स्वतः वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. नियम नाही, कल आहे. आजोबांच्या नावाचा अंदाज बांधायला वापरा, पुरावा म्हणून मांडू नका. आधीचं मूल दगावलं की तेच नाव पुढच्या मुलाला देत, त्यामुळे एका घरात दोन जॉन सापडतात.

ग्रिफिथचं मूल्यांकन: आयर्लंडचा सातबारा

1847 ते 1864 या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली प्रत्येक टाउनलँडमधल्या प्रत्येक जमीन-घराचं मूल्यांकन छापलं गेलं. जळालेल्या जनगणनेच्या जागी तेच उभं आहे. आस्कअबाउटआयर्लंड डॉट आयई वर ते नकाशासह मोफत मिळतं. सातबारा वाचणाऱ्याला हे पान परकं वाटणार नाही: नकाशातला क्रमांक, कसणाऱ्याचं नाव, कोणाकडून घेतली त्याचं नाव, वर्णन, क्षेत्र, आकारणी. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. 4 रूडचा एक एकर, 40 पर्चचा एक रूड. आकारणी पाउंड, शिलिंग, पेनीत, 20 शिलिंगांचा पाउंड आणि 12 पेनीचा शिलिंग.

वाचताना ज्या चुका होतात त्या अशा. 'हाउस, ऑफिसेस अँड लँड' यातलं ऑफिस म्हणजे कचेरी नव्हे, गोठा-कोठार. ही एक चूक पुष्कळ शेतकऱ्यांना कागदोपत्री कारकून करून गेली आहे. 'कोणाकडून घेतली' हा रकाना मूळ मालकाचा असेलच असं नाही. मधला पोटकूळदारही तिथे असतो. आणि सूचीत फक्त कुटुंबप्रमुख असतो, बायकामुलं नसतात.

मर्फींसाठी सोन्यासारखा तपशील आहे तो कंसातला. एकाच टाउनलँडमध्ये दोन पॅट्रिक मर्फी असले की मूल्यांकन करणारे त्यांना वेगळं करायला नावापुढे कंस टाकत: पॅट्रिक मर्फी, कंसात जॉन. बहुतेक वेळा हा जॉन म्हणजे त्याचा बाप, जसं आपल्याकडे मधलं नाव. कंसात 'रेड' असेल तर केसांचा रंग. एका क्रमांकाखाली महिरप घालून तीन-चार जणांची नावं असतील तर जमीन सामाईक होती, आणि तसे लोक बहुधा भावकीतले असतात. क्रमांकापुढचं मोठं अक्षर त्याच माणसाच्या दुसऱ्या तुकड्याचं, लहान अक्षर घराचं.

मूल्यांकन छापून झाल्यावरही ते थांबलं नाही. कूळ बदललं की जुनं नाव रंगीत शाईने खोडून नवं लिहीत आणि शेजारी साल टाकत. या दुरुस्ती-वह्यांत बापाच्या जागी मुलाचं नाव कोणत्या वर्षी आलं ते दिसतं, म्हणजे बाप त्या सुमारास मेला किंवा त्याने जमीन सोडली. उत्तरेकडच्या सहा काउंटींच्या 1864 ते 1933 पर्यंतच्या वह्या बेलफास्टच्या दफ्तराने मोफत ठेवल्या आहेत. बाकीच्या डब्लिनमध्ये पाहाव्या लागतात.

त्यामागे एक पाऊल: 1823 ते 1838 च्या दरम्यानच्या टाइद वह्या. चर्चचा दशमांश कर शेतजमिनीवर होता, म्हणून भूमिहीन मजूर आणि शहरातले लोक त्यांत नाहीत. क्षेत्र बहुधा आयरिश एकरात आहे आणि आयरिश एकर साधारण 1.62 पट मोठा. 20 एकरांची जमीन पुढे ग्रिफिथमध्ये 32 एकर दिसली तर कुटुंब श्रीमंत झालं असं लिहू नका.

त्याआधीचं काय

इथे बहुतेक कॅथलिक कुटुंबांचा धागा तुटतो. ग्रामीण भागात 1800 च्या आधीच्या वह्या थोड्या आहेत. यापुढे कुटुंबाचा नव्हे, आडनावाचा इतिहास सुरू होतो, आणि लिहिताना ही सीमारेषा स्पष्ट दाखवणं हा प्रामाणिकपणा आहे. 1659 च्या करगणनेत बॅरनीनिहाय प्रमुख आयरिश आडनावं आणि त्यांची संख्या दिलेली आहे. तुमच्या टाउनलँडच्या बॅरनीत मर्फी होते का ते तिथे पाहा. इंग्लंडच्या ट्यूडर राजवटीच्या माफीपत्रांत त्याच परिसरातली नावं इंग्रजी कानाने लिहिलेली, ओ किंवा मॅकसकट सापडतात, आणि आपला मर्फी कोणत्या वळणाचा याचा कौल तिथेच मिळतो. त्यामागे बखरी: 1632 ते 1636 या काळात मिखाल ओ क्लेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकलित केलेला चार आचार्यांचा इतिहास, आणि दुवाल्टाख मॅक फिरविशी यांनी 1650 च्या सुमारास लिहिलेला वंशावळींचा ग्रंथ. यांत सरदारांची घराणी आहेत, सामान्य कसणारा नाही. 1820 चा कसणारा आणि 1550 चा सरदार यांच्यात कागद नसेल तर रेघ जोडू नका. मध्ये जागा सोडा.

पुरुषवंशाची डीएनए चाचणी मात्र या मोकळ्या जागेत थोडा प्रकाश टाकते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. 37 खुणांची स्वस्त चाचणी आयरिश आडनावांसाठी सहसा अपुरी पडते, कारण पश्चिम युरोपातले लाखो पुरुष त्या पातळीवर सारखे दिसतात. 111 खुणांची किंवा संपूर्ण वाय वाचणारी चाचणी घ्या, आणि आडनावाच्या प्रकल्पात टाउनलँडसह नोंदवा. जागेशिवाय दिलेला निकाल दुसऱ्या कोणाच्याही कामाचा नाही. दत्तक, विवाहबाह्य जन्म, आईचं आडनाव लावणं यामुळे मर्फी आडनावाच्या माणसाचा वाय दुसऱ्याच घराण्याचा निघू शकतो. घरातल्यांना ही शक्यता चाचणीच्या आधी सांगावी.

आडनावाचं म्हणून विकलं जाणारं कुलचिन्ह खरेदी करायची घाई करू नका. चिन्ह व्यक्तीला बहाल केलेलं असतं, आडनावाला नाही. त्याची अधिकृत नोंद डब्लिनमध्ये चीफ हेरल्ड या कुलचिन्हांच्या सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आहे. हे कार्यालय 1552 पासून चालत आलेल्या जुन्या व्यवस्थेचा वारसा सांगतं आणि आज नॅशनल लायब्ररीचा भाग आहे.

मुंबई इलाख्याचा धागा

पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर या छावण्यांत आयरिश सैनिकांची कमतरता कधीच नव्हती. 1881 मध्ये उभी राहिलेली रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स ही पलटण मुळात मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या दोन युरोपीय पलटणी एकत्र करून झाली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या अँग्लो-इंडियन घरातलं मर्फी, केली किंवा रायन हे आडनाव या वाटेने आलेलं असू शकतं.

अशा घराचा शोध इथून सुरू होतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत एन-3 या मालिकेत आहेत. त्यांतल्या पुष्कळ फाइंडमायपास्टवर दिसतात, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेची मोफत सूचीही आधी चाळावी. या नकला मुख्यतः अँग्लिकन चर्चच्या आहेत. कॅथलिक सैनिक तिथे नसेल तर छावणीजवळच्या कॅथलिक चर्चची मूळ वही पाहावी लागते. लग्नाच्या नोंदीत पलटणीचं नाव मिळालं की पुढची पायरी लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डब्ल्यूओ-97 मालिका, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या सैनिकांचे सेवामुक्तीचे कागद. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या फौजेतल्या सैनिकांचे कागद मात्र ब्रिटिश लायब्ररीत. 1883 पूर्वीचे डब्ल्यूओ-97 कागद बहुधा पेन्शन मिळालेल्यांचेच, नोकरीत असताना मेलेल्या सैनिकाचा कागद सहसा नसतो.

त्या कागदाच्या वरच्या भागात एक ठरावीक वाक्य असतं: जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक गावाजवळ, अमुक काउंटीत. पॅरिश बहुधा सिव्हिल पॅरिश असते, 'जवळचं गाव' म्हणजे बाजारपेठ, आणि स्पेलिंग भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानाचं. ते नाव टाउनलँडांच्या सूचीशी पडताळा, त्या पॅरिशमधले ग्रिफिथचे सगळे मर्फी क्रमांकासह उतरवून घ्या, आणि भरतीच्या वेळच्या वयावरून पाच वर्षं मागे-पुढे धरून बाप्तिस्म्याची वही उघडा.